सहाव्या गल्लीतली उडी

छपराची कड आधी संपली आणि तिच्या अंगठ्याने बटण दाबलं ते त्यानंतर. हे तिला पक्कं ठाऊक होतं. पडद्यावरची बाई, पाठीला निरोपांची थैली बांधून छपरांवरून धावणारी, पाय हवेत टाकून मोकळी झाली होती. आता तिने खाली गल्लीत कोसळायला हवं होतं, धप्प असा आवाज यायला हवा होता आणि पडदा काळा व्हायला हवा होता. तसं काहीच झालं नाही. पायाखाली अजून वीतभर छप्पर शिल्लक आहे अशा थाटात बाईने उडी घेतली, समोर उतरली आणि थैली सावरून पुढे धावू लागली. दुसरं कुणी असतं तर सुटलो एकदाचे म्हणून पुढे गेलं असतं. कडूताईने खेळ थांबवला, कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघत बसली, जणू त्यानेच काहीतरी लपवलं आहे.

कडूताई हे तिचं ऑफिसातलं नाव. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या त्या कंपनीत ती अगदी पहिल्यापासून होती, कंपनी दोन खोल्यांत मावत होती तेव्हापासून, आणि तिचं काम होतं तयार होत आलेला खेळ खेळून त्यातली खोट शोधणं. बाहेर कुणाला सांगितलं की लोक म्हणत, मजा आहे बुवा, दिवसभर खेळायचं आणि वर त्याला नोकरी म्हणायचं. ती वाद घालत नसे. दिवसभर भिंतींना अंग घासत फिरणं, जिथे जायला नको तिथे मुद्दाम जाणं, एकच दार उघडून लावून उघडून लावून बघणं, यात मजा किती असते ते तिचं तिलाच माहीत. पण तिची मतं होती आणि ती ऑफिसात सगळ्यांना पाठ होती. पावलोपावली टाळ्या वाजवणारा खेळ तिला खपत नसे. दार उघडलं, वाजवा टाळ्या. जिना चढला, घ्या सोन्याचा तुरा. अरे, जिनाच चढलेय ना, कुणावर उपकार केलेत का, असं ती पडद्याला म्हणे. ज्यांचा नकाशा मैलोन्‌मैल पसरलेला आणि त्यात करायचं काय, तर या टेकडीवर कोल्हे मारायचे आणि त्या टेकडीवर तेच कोल्हे पुन्हा मारायचे, असले खेळ तर तिला कुणीतरी घरी बोलावून रिकामी ताटं मांडावीत तसे वाटत. उलट फार वर्षांपूर्वी एक फालतू दिसणारा खेळ तिच्या हाती आला होता, त्यात एक तळं होतं आणि तळ्याकाठी बसून चपटे दगड पाण्यावर फेकता येत. त्याने काहीही मिळत नसे. पण दगड किती टप्पे खाईल हे खरोखर आपल्या हातावर असे, आणि ती त्या तळ्याकाठी आठवडाभर बसून राहिली होती. तिला खेळाकडून एवढंच हवं असे. खेळाने मला खुशाल मारावं, पण फसवू नये, असं ती म्हणे, आणि एखाद्या खेळावर ती काहीच न बोलता उठून गेली की समजायचं, आवडला. कडूताईची शाबासकी म्हणजे तिचं गप्प राहणं. ते मिळवायला लोक जिवाचं रान करत.

थोडी सवलत सगळेच खेळ देतात, हे काही तिला नवीन नव्हतं. कड संपल्यावर डोळ्याचं पातं लवायच्या आत बटण दाबलं तर उडी मान्य करायची, असा या धंद्यातला जुना रिवाज आहे, कारण माणसाच्या डोळ्यात आणि बोटात तेवढं अंतर राहतंच. ती सवलत नेमकी केवढी हे तिच्या अंगठ्यात मुरलेलं होतं, स्वयंपाक करणाऱ्याच्या चिमटीत मिठाचं माप मुरतं तसं. आजची सवलत त्याहून मोठी होती. तिने पुन्हा धाव घेतली आणि मुद्दाम उशीर केला. बाई पलीकडे उतरली. आणखी उशीर केला. बाई उतरली. तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली, आणि ती उठून मुनीच्या टेबलाशी गेली. मुनी म्हणजे या खेळाच्या चाली लिहिणारा प्रोग्रॅमर. बोलण्यात कंजूष, त्यावरून पडलेलं नाव.

‘छपराची कड वाढवलीस का?’

मुनीने हेडफोन गळ्यात उतरवले. ‘कुठली?’

‘कुठलीही. मी उशिरा दाबलं तरी तुझी बाई पोचते.’

‘उशी आहे ती,’ तो स्वतःच्या पडद्याकडे बघत म्हणाला.

‘काय आहे?’

‘उशी. आम्ही म्हणतो आपलं. जो जास्त पडतो त्याच्यासाठी खेळ कड थोडी लांबवतो. गुपचूप. म्हणजे माणूस वैतागून सोडून देत नाही.’

‘आणि हे मला कुणी सांगितलं नाही.’

‘कॅप्टन म्हणाले, कडूताईंना सांगू नका. त्यांच्या लक्षात आलं नाही तर कुणाच्याच येणार नाही.’ कॅप्टन म्हणजे कंपनीचा मालक, ज्याने तिला त्या दोन खोल्यांत स्वतः बोलावून आणलं होतं.

‘माझ्यासाठी कितीदा आली ही उशी?’

मुनीने हेडफोन पुन्हा कानांवर चढवले नाहीत, पण चढवावेत असं त्याला फार वाटत होतं हे तिला दिसलं. ‘सगळ्यांनाच येते अधूनमधून,’ तो म्हणाला. ‘सांभाळून घेतो थोडं.’

सांभाळून घेतो. संध्याकाळी घरी निघाल्यावर तो शब्द तिच्या बरोबरच निघाला. सिग्नलला गाड्या थांबल्या, ती रस्ता ओलांडू लागली, आणि एका गाडीवाल्याने हात हलवून, जा तुम्ही, अशी खूण केली. एरवी तिच्या ध्यानातही आलं नसतं, आज तिला वाटलं, यालाही कुणी काही सांगून ठेवलंय की काय. सांभाळून घ्या रे तिला, असं तिची आई दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ओरडून सांगायची, कपडे वाळत घालता घालता, खाली न बघता. खाली इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत पोरं पकडापकडी खेळत असायची, पाण्याची टाकी ते सायकलींची शेड एवढाच मुलूख, आणि त्यात ती सगळ्यांत लहान. एक आख्खी सुट्टी ती त्या मुलखात पळली होती. मागून पावलांचा आवाज यायचा, कुणाचा तरी हात पाठीजवळ येऊन वारा घालून जायचा, आणि ती निसटायची. दरवेळी निसटायची. मोठी मोठी मुलं धापा टाकत गुडघ्यांवर हात ठेवून थांबायची आणि ती टाकीवर हात आपटून ओरडायची, आले. तळव्याला त्या गरम पत्र्याचा चटका बसायचा तोसुद्धा तिला बक्षिसासारखा वाटायचा. मग तळमजल्यावर एक नवं बिऱ्हाड आलं. त्यांच्यातल्या मुलाने दुसऱ्याच दिवशी तिचा फ्रॉक मागून घट्ट धरला. ती थांबली, वळली, आणि खरं सांगायचं तर तिला आनंदच झाला, आता आपल्यावर राज्य येणार, आता आपण सगळ्यांच्या मागे धावायचं. तेवढ्यात तिचा मोठा भाऊ पळत आला. ए, सोड तिला, म्हणाला, ती लिंबूटिंबू आहे. तो नवा मुलगा म्हणाला, मग आधी सांगायचं ना, आणि तिचा फ्रॉक सोडून त्याने हात आपल्या चड्डीला पुसला. सगळ्यांना माहीत होतं. गॅलरीतल्या आईला माहीत होतं. फक्त पळणारीला माहीत नव्हतं. ती त्या दिवशी पुढेही खेळली, रडली वगैरे नाही, पण नंतर कुणाचा हात पाठीजवळ आला की तिला तो हात मुद्दाम आखूड होताना जाणवू लागला, आणि पळायला काही अर्थ राहिला नाही. तिला अजून एक कोडं सुटलेलं नव्हतं. तो नवा मुलगा यायच्या आधीचे दिवस, ते खरे होते की नव्हते? चटका तर खरा होता. मजा तर खरी आली होती. मग एका वाक्याने ती मागे जाऊन कशी नासली?

हे सगळं तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आणखीही एक गोष्ट सांगितली नव्हती. बरेच महिने तिचा उजवा अंगठा सकाळी उघडत नव्हता. गरम पाण्याच्या भांड्यात धरून ती तो हळूहळू सोडवून घेई, खिळलेली कडी सोडवावी तसा, आणि ऑफिसात पोचेपर्यंत तो माणसात आलेला असे. निदान तिला तसं वाटे. आता तिला वेगळंच वाटू लागलं. ती जास्त पडत असल्याशिवाय उशी आलीच नसती. म्हणजे ती पडत होती, आणि खेळाला ते कळलं होतं, आणि तिला कळलं नव्हतं. खेळाला कळलं तर मुनीला कळलं असणार. मुनीला कळलं तर कॅप्टनला. आणि आजवर ज्या उड्या तिने ठीक म्हणून सोडल्या, ज्या भिंती खोट्या म्हणून पाडायला लावल्या, त्या तिच्या हाताने ठरवल्या होत्या की कुणीतरी खाली धरलेल्या उशीने? हात गेला तर कडूताईकडे उरलं काय? मतं तर काय, चहाच्या टेबलावर बसलेल्या प्रत्येकाकडे असतात.

दुसऱ्या दिवशी तिने मुनीला उशी काढून टाकायला सांगितली. तो म्हणाला, काढली. ती खेळली तर आदल्या दिवसापेक्षा कितीतरी जास्त पडली, तेव्हा तिच्या मनात आलं, खरंच काढली. आणि लगेच मनात आलं, की याने मला धडा शिकवायला कड उलट आखूडच केली? एकदा संशय घरात घेतला की तो पाहुण्यासारखा एका खुर्चीवर बसत नाही, सगळ्या खोल्यांतून हिंडतो. तिला आठवू लागलं की हल्ली तिच्याशी कुणी भांडत नाही. पूर्वी एका जिन्यावरून मुनीने तिच्याशी अख्खा दिवस वाद घातला होता, मुनीने, आणि शेवटी दोघांनी जिन्याची एक पायरी वाटून घेतली होती. आता ती काही म्हणाली की सगळे म्हणत, हो, बघतो. तिची खुर्ची खिडकीजवळ आणून ठेवली होती. उजेड चांगला आहे, कॅप्टन म्हणाला होता, निवांत बघा तुम्ही. निवांत या शब्दात पाणी मुरत होतं हे तिला तेव्हा कसं कळलं नाही? ती आत आली की चहाच्या टेबलावरचं बोलणं थांबायचं. ते पूर्वीही थांबत असेल, कडूताई म्हटलं की लोक जरा सावरून बसायचेच. पण धाकाने थांबलेलं बोलणं आणि दयेने थांबलेलं बोलणं ऐकायला अगदी सारखंच लागतं, हे काही तिला रुचलं नाही.

रविवारी ती नवऱ्याशी बुद्धिबळ खेळायला बसली. नवरा कवळ्या बनवणारा कारागीर. दिवसभर लोकांच्या जबड्यांचे साचे समोर मांडून बसणारा शांत माणूस. लग्न झाल्यापासून रविवारी ते खेळत आले होते आणि साधारण आलटून पालटून जिंकत आले होते. आज तिला ते आलटून पालटूनच खटकलं. इतकं बेतशीर कसं? दोन माणसं खरोखर खेळली तर असं समसमान वाटप होतं का?

‘तू मुद्दाम हरतोस का रे?’

‘मी?’ त्याने उचललेला उंट होता तिथेच ठेवला. ‘मला जिंकायचं म्हणून जिंकता येत नाही, मुद्दाम हरायला कुठून येणार?’

‘गेल्या वेळी वजीर असा उघड्यावर टाकलास.’

‘चष्मा बदलायला झालाय माझा.’

‘मग लोकांना कवळ्या कशा बसतात तुझ्या?’

‘बसत नाहीत. तक्रारी येतात की,’ तो म्हणाला आणि हसला. त्याचं हसू तिला अगदी बेमालूम वाटलं, आणि बेमालूम काम करणं हाच तर त्याचा धंदा. तिने डाव तसाच ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन भावाला फोन लावला. तो दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि रविवारी तिचा फोन आला म्हणून आधी घाबरलाच.

‘दादा, तू मला लिंबूटिंबू घ्यायचास, आठवतं?’

‘तुला? छे गं. तू कसली लिंबूटिंबू. तू तर कुणाच्या बापाला सापडायची नाहीस.’

‘तूच म्हणाला होतास, सोड तिला.’

‘मला नाही बाई आठवत. तू पळायचीस भारी, एवढं आठवतं.’ तो हे फार चटकन म्हणाला. विचार करून म्हणाला असता तर तिने मानलं असतं. तिला दिसलं, तो अजूनही पळत येतोय आणि अजूनही कुणाला तरी सांगतोय, सोड तिला. तिने प्रकृतीची चौकशी केली, वहिनीला विचारलं म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. बाहेर नवरा पटाशी एकटाच बसून तिच्या बाजूची चाल काय असेल याचा विचार करत होता. तो तिच्या बाजूने विचार करत होता याचाही तिला राग आला.

मग तिने सापळा लावायचं ठरवलं. खेळ शुक्रवारी बाहेर पडणार होता. त्याच्या आधीची शेवटची बैठक मंगळवारी होती, आणि तिथे ती एक धडधडीत खोटं बोलणार होती. कुणी तिचं खरोखर ऐकत असेल तर तो उसळेल, भांडेल. कुणी नाही उसळलं तर समजायचं काय ते. खोटंही साधंसुधं चालणार नव्हतं. म्हणून तिने सहाव्या गल्लीतली उडी निवडली. सगळ्या खेळात ती उडी म्हणजे ती उडी होती. वाळत घातलेल्या चादरींमधून बाई धावत येते, काही दिसत नाही, पांढरं पांढरं नुसतं, आणि शेवटची चादर बाजूला होते तेव्हा छप्पर जवळजवळ संपलेलं असतं आणि पुढे सगळ्यांत रुंद गल्ली, खाली खोलवर कुणाचं तरी स्वयंपाकघर उजळलेलं. जमणार नाही असं वाटतं आणि तरी जमतं, पण अगदी शेवटच्या पावलाला दाबलं तरच. आणि पडलात तर पडता पडता कळतं की चूक आपलीच, आपण घाबरून आधी दाबलं किंवा बघत राहिलो. मुनी तिच्यावर किती दिवस बसला होता कोण जाणे. पहिल्यांदा ती उडी पार केल्यावर कडूताई काही न बोलता उठली होती, पाणी प्यायला गेली होती आणि ग्लास हातात धरून नुसतीच उभी राहिली होती. तळ्याकाठच्या दगडांनंतर इतक्या वर्षांनी.

‘सहाव्या गल्लीतली उडी खोटी आहे,’ ती बैठकीत म्हणाली. ‘अंतर दिसतं एक आणि असतं एक. माणूस नीट दाबूनही पडतो.’

तिने वाट पाहिली. कुणाची तरी खुर्ची करकरली. कॅप्टनने मुनीकडे पाहिलं, मुनीने टेबलाकडे.

‘बघतो,’ मुनी म्हणाला.

‘कडूताई म्हणतायत म्हणजे असणार,’ कॅप्टन म्हणाला आणि पुढच्या विषयावर गेला.

झालं. जे सिद्ध करायचं होतं ते झालं होतं, आणि तिला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. तोंडात पितळेच्या भांड्याची चव आली. बुधवारी तिने खेळ उघडला आणि सहाव्या गल्लीशी गेली. चादरी होत्या, पांढरं होतं, शेवटची चादर बाजूला झाली आणि समोरचं छप्पर हाताच्या अंतरावर आलं. बाईने गटार ओलांडावं तशी गल्ली ओलांडली. खालचं स्वयंपाकघर दिसलंसुद्धा नाही. तिने पुन्हा उडी मारली, पुन्हा मारली. पडणं शक्यच नव्हतं. ती उठून मुनीकडे गेली तेव्हा तिचा आवाज चढलेला होता.

‘उडी कुणी कापली?’

‘मी.’

‘का?’

‘तुम्ही म्हणालात ना.’

‘तुला खोटी वाटत होती?’

‘नाही.’

‘मग भांडला का नाहीस? त्या जिन्यावरून भांडला होतास.’

मुनीने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. ‘जिना दुसऱ्याचा होता,’ तो म्हणाला. ‘ही माझी होती. मी इतके दिवस तिच्यात होतो की मला दिसेनासं झालं असेल असं वाटलं. तुम्ही पहिल्यांदा काही बोलला नव्हतात तेव्हा मी घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं, कडूताई गप्प बसल्या म्हणून. मग काल तुम्ही खोटी म्हणालात. मी बसलो, पुन्हा मोजलं, बरोबर येत होतं. पण तुमचा हात खोटं सांगत नाही. म्हटलं, माझंच मोजणं चुकत असेल.’

दोन दिवसांचं बोलणं त्याने एका दमात संपवलं होतं. तिने त्याच्या चेहऱ्यावर थट्टा शोधली, कीव शोधली, डोळ्यात तेल घालून शोधली. तिथे नीट न झोपलेल्या माणसाचा चेहरा होता, बाकी काही नाही. ही दया असती तर तिला रागवायचा हक्क होता. हा विश्वास असला तर तिने एका माणसाची सगळ्यांत चांगली गोष्ट त्याच्याच हाताने मोडायला लावली होती. आणि कोणतं खरं हे तिला अजूनही कळत नव्हतं. कुणी सांगितलंच तर तेही तिला खरं वाटलं नसतं.

‘परत कर ती,’ ती म्हणाली.

‘आता कॅप्टनना विचारावं लागेल. बदल बंद केलेत त्यांनी.’

कॅप्टनने दोघांचं ऐकून घेतलं. ‘काल खोटी, आज खरी,’ तो म्हणाला. ‘एक काय ते सांगा, कडूताई.’

‘काल मी मुद्दाम खोटं बोलले. मला कुणी अडवतं का ते बघायला.’

तो हसला. त्याला ते खरंच वाटलं नाही. कडूताई आणि खोटं, हे त्याच्या डोक्यात बसेना. ‘ठीक आहे,’ तो म्हणाला. ‘जुनी उडी लाव रे. उशी काढ. यांनी पार केली तर राहू दे, नाहीतर कापलेलीच जाऊ दे.’

मुनीने जुनी उडी लावली. आसपासच्या टेबलांवरचे दोघे तिघे येऊन मागे उभे राहिले. तिने कंट्रोलर हातात घेतला, अंगठा बटणावर ठेवला, आणि बाई चादरींतून धावत सुटली. शेवटची चादर सरकली. ती पडली. धप्प, काळा पडदा. पुन्हा धावली आणि पुन्हा पडली. कुठे दाबायचं हे तिला उजेडासारखं स्पष्ट दिसत होतं, ते पाऊल येताना दिसत होतं, दाब असं ती अंगठ्याला सांगत होती, आणि अंगठा तिचं ऐकून घेऊन मग दाबत होता. मागचे लोक अस्वस्थ होऊन पाय बदलू लागले. त्यांना लाज वाटत होती, तिच्या वतीने, हे तिच्या पाठीला कळत होतं. ती पडत राहिली.

‘बास,’ कॅप्टन अगदी मऊ आवाजात म्हणाला. ‘तुम्हालाही जमत नाही म्हणजे ती खोटीच आहे. तुमचं कालचं मत बरोबर होतं. पहिलं मत नेहमी बरोबर असतं तुमचं.’

त्याने दार सताड उघडून धरलं होतं. तिने नुसतं हं म्हणायचं होतं. खिडकीजवळची खुर्ची राहिली असती, नाव राहिलं असतं, मुनीने मान खाली घालून मानलं असतं, आणि ती उडी कुणालाच कधी कळली नसती. क्षणभर तिला ते फार हवंसं वाटलं.

‘उडी खरी आहे,’ ती म्हणाली. ‘माझा हात उशिरा पडतो.’

‘म्हणजे?’

‘हा अंगठा. सकाळी उघडत नाही. बरेच महिने झाले.’

कॅप्टनच्या कपाळावर हळूहळू आठी चढत गेली, आणि ती कशाची हे तिला समजत होतं. त्याच्या डोक्यात मागचे महिने एकेक करून उलटत होते. ‘मग इतके दिवस तुम्ही जे पास-नापास केलंत...’ तो म्हणाला.

‘ते पुन्हा बघावं लागेल. दुसऱ्या कुणीतरी.’

कॅप्टन मुनीला म्हणाला, ‘जुनी उडी ठेव,’ आणि तिला म्हणाला, ‘बाई, आपण सोमवारी बोलू.’ इतक्या वर्षांत त्याने तिला बाई कधी म्हटलं नव्हतं. तो गेला, मागचे लोकही आपापल्या टेबलांकडे पांगले, आणि तिथे ती आणि मुनी दोघेच राहिले. तिला रडू येत होतं आणि ते तिने येऊ दिलं, डोळे पुसले, आणि हाताला दुसरं काही काम नव्हतं म्हणून कंट्रोलर पुन्हा उचलला. चादरी, पांढरं, शेवटची चादर. खाली स्वयंपाकघर उजळलेलं. बाई पलीकडच्या छपरावर उतरली.

कडूताईने आधी मुनीच्या हातांकडे पाहिलं. ते कीबोर्डपाशी होते.

‘मी काही केलं नाही,’ मुनी म्हणाला.

‘मी विचारलं का?’

‘नाही.’

‘मग तिकडे दाराशी जाऊन उभा राहा. हात मला दिसतील असे ठेव.’

तो मुकाट्याने उठला, दाराशी गेला आणि दोन्ही हात समोर धरून उभा राहिला. तिने खुर्ची थोडी वळवून घेतली, त्याच्या हातांवर एक डोळा ठेवला आणि बाईला पुन्हा धाडलं. बाई चादरींतून निघाली, कडेशी आली आणि सरळ गल्लीत कोसळली.

‘पडलात?’ त्याने तिथूनच विचारलं.

‘पडले,’ ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला कशात काही काळंबेरं दिसलं नाही.